आल्फ्रेद बिने: प्रश्न विचारणाऱ्याचे मानसशास्त्र

जयपूर येथील राजस्थान विद्यापीठात १९६० च्या दशकात परामानसशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग होता. हेमेंद्रनाथ बॅनर्जी हे त्याचे प्रमुख. आपणांस पूर्वजन्म आठवतो असे सांगणाऱ्या लहान मुलांच्या हकीकती मिळवणे, त्या मुलांची व त्यांच्या नातलगांची तपासणी करणे, हे या विभागाच्या कार्याचे एक मुख्य अंग होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन हे १९६१ मध्ये अशाच शोधार्थ भारतात आले, आणि १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वीस प्रकरणांच्या ग्रंथात सात प्रकरणे भारतातील होती. विभाग पुढे राहिला नाही. परंतु ज्या समजुतीवर तो उभा होता ती या शहरात, आणि या शहरातच नव्हे, अजून जिवंत आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे राहत असता एका सहकाऱ्याच्या घरी मी हा प्रकार जवळून पाहिला. चार वर्षांच्या नातवाला भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले की तुझे आधीचे घर नदीकाठी होते ना; मुलाने मान डोलावली. घरात गाय होती ना, होती. गाय पांढरी होती ना, पांढरी होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. नदी, गाय आणि तिचा रंग हे सारे बाईंनीच पुरवले होते, ही गोष्ट तेथे कोणाच्याही लक्षात आली नाही, आणि पाहुणा म्हणून मीही काही बोललो नाही.

पुनर्जन्म आहे की नाही हा येथे माझा विषय नव्हे; तो दर्शनशास्त्राने हाताळावा. प्रश्न त्याहून लहान आहे, आणि माझ्या मते अधिक निकडीचा: मुलाचे उत्तर हा पुरावा केव्हा ठरतो? जयपूरच्या त्या विभागाआधी सुमारे साठ वर्षे, पॅरिसमधील एका विनावेतन संशोधकाने या प्रश्नाचा प्रयोगांनी छडा लावला होता. आल्फ्रेद बिने हे त्यांचे नाव. मराठी वाचकास ते परिचित आहे, परंतु बुद्ध्यंकाचे जनक म्हणून. आणि बुद्ध्यंक तर बिने यांनी कधी काढलाच नाही. त्यांचे खरे चरित्र याहून वेगळे, आणि एका मोठ्या फजितीपासून सुरू होणारे आहे.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. हे शहर त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते. तीन वर्षांनी ते फ्रान्सकडे आले. वडील वैद्य, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाले आणि मुलाचे संगोपन आईने केले. मुलाचा भित्रेपणा जावा म्हणून वडिलांनी त्यास एका प्रेताला स्पर्श करावयास लावले, अशी एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. ती तंतोतंत खरी असो वा नसो, भयाने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही, हे त्यांच्या नाट्यलेखनावरून दिसते. त्याविषयी पुढे येईलच. पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात शिक्षण, १८७८ मध्ये कायद्याची पदवी, मग वैद्यकाचा अर्धवट सोडलेला अभ्यास, अशा क्रमाने हा तरुण अखेर राष्ट्रीय ग्रंथालयात येऊन बसला आणि मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागला. त्या विद्येत त्यांस गुरू नव्हता. १८८० मध्ये स्पर्शसंवेदनेवर त्यांनी पहिला लेख लिहिला, आणि लिएज येथील जोझेफ देल्बफ यांनी त्यातील उणिवा जाहीरपणे दाखवून दिल्या. देल्बफ हे नाव ध्यानात ठेवावे. बिने यांच्या आयुष्यात ते दोनदा आले, आणि दोन्ही वेळा बिने यांची चूक काढण्यासाठीच आले.

१८८३ पासून बिने सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्या परिवारात दाखल झाले. हिस्टेरिया आणि संमोहन यांवरील शार्को यांच्या व्याख्यानांना त्या काळी सारे पॅरिस लोटत असे. तेथे शार्ल फेरे यांच्या समवेत बिने यांनी ज्या शोधांची घोषणा केली ते आज वाचताना संकोच वाटतो. संमोहित रुग्णेच्या उजव्या हाताला आलेला अर्धांग लोहचुंबक जवळ नेला असता डाव्या हातात जातो. एका बाजूचा भास दुसऱ्या बाजूस सरकतो. एवढेच नव्हे तर चुंबकाच्या सान्निध्याने प्रेमाचे द्वेषात आणि भयाचे धैर्यात रूपांतर होते, असे हे शोध होते. प्रयोग मोजक्याच रुग्णांवर, आणि त्यातही विशेषकरून ब्लांश विटमान हिच्यावर झालेले होते. शार्को यांच्या व्याख्यानाचे ब्रुइये यांनी काढलेले १८८७ चे प्रसिद्ध चित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्यातील मूर्च्छित स्त्री आठवेल, ती हीच.

देल्बफ यांचा विश्वास बसेना. ते स्वतः पॅरिसला गेले आणि प्रयोग होताना समोर बसून पाहिला. त्यांना दिसले ते असे: चुंबक लपवलेला नव्हता, पुढे काय घडावयाचे आहे हे रुग्णेच्या देखत, तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले जात होते, आणि ती तर वर्षानुवर्षे हेच प्रयोग करून तरबेज झालेली होती. नांसी येथे लिएबो व बेर्नेम हे वैद्य संमोहनाचे सारे परिणाम सूचनेने घडतात असे आधीपासून सांगत होते. परीक्षकाने जे अपेक्षिले ते रुग्णेने दिले, एवढाच त्या चुंबकाचा चमत्कार होता. बिने यांनी आधी प्रतिवाद केला, तोही कडवटपणे. परंतु १८९० च्या सुमारास त्यांनी सालपेत्रिएर सोडले, आणि त्यानंतरच्या लेखनात त्या प्रयोगांत सूचनेला शिरण्यास वाट होती हे मान्य केले. आपला भ्रम छापील पृष्ठावर कबूल करणारे विद्वान कोणत्याही काळी थोडेच असतात. बिने यांच्या बाबतीत हा केवळ प्रामाणिकपणा नव्हता. परीक्षकाचे मन परीक्षिताच्या उत्तरात कसे शिरते, हाच त्यांच्या पुढील वीस वर्षांचा विषय झाला.

या सुमारास त्यांच्या घरात दोन लहान मुली होत्या. १८८४ मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ बाल्बियानी यांची कन्या लॉर हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १८८५ मध्ये मादलेन आणि १८८७ मध्ये आलीस यांचा जन्म. सासऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून १८९४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परंतु खरी प्रयोगशाळा घरीच होती. चालावयास शिकताना थोरली मुकाट्याने, एका आधाराकडून दुसऱ्या आधाराकडे, अंतर जोखून जात असे. धाकटी हसत, डुलत, भर खोलीच्या मध्यावर निघे. बापाने हे टिपून ठेवले, आणि पुढे दहाबारा वर्षांनी शब्दांच्या व वर्णनांच्या प्रयोगांत तोच स्वभावभेद दिसला तेव्हा त्या जुन्या टिपणांचे मोल कळले. मार्गरीत आणि आर्मांद या कल्पित नावांनी या दोघी त्यांच्या १९०३ च्या बुद्धिविषयक ग्रंथात वावरतात. १८९० मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग केला: लहानमोठ्या आकाराच्या सोंगट्यांचे दोन ढीग मुलीपुढे मांडून अधिक कोणत्या, असे विचारले. मूल संख्येवरून नव्हे, तर ढिगाने व्यापलेल्या जागेवरून उत्तर देते, असे त्यांस आढळले. पुढे पियाजे यांच्यामुळे जगप्रसिद्ध झालेल्या विचाराचे बीज येथे दिसते. साधन म्हणून फक्त सोंगट्या होत्या. चुंबकाच्या नाटकानंतर हा साधेपणा त्यांनी जाणून स्वीकारला असावा.

१८९१ मध्ये आंरी बोनिस यांची एका रेल्वेस्थानकावर गाठ पडली, आणि त्यांच्या सॉरबॉनमधील प्रयोगशाळेत बिने विनावेतन काम करू लागले. १८९४ मध्ये ते तिचे संचालक झाले व अखेरपर्यंत राहिले. त्याच वर्षी त्यांनी मानसशास्त्राचे वार्षिक स्थापले. पॅरिसमध्ये प्राध्यापकपद मात्र त्यांस कधीच मिळाले नाही. कॉलेज द फ्रांसमधील जागा जाने यांना आणि सॉरबॉनमधील जागा द्युमा यांना मिळाली. १८९५ मध्ये बुखारेस्टला त्यांनी काही काळ व्याख्याने दिली, तेथेच राहण्याची विनंतीही झाली. ती त्यांनी नाकारली.

साहित्याच्या अभ्यासकांस त्यांच्या १८९४ च्या सुमाराच्या कामांत विशेष रस वाटावा. जाक पासी यांच्यासह त्यांनी सार्दू, धाकटे द्युमा, दोदे, गोंकूर अशा लेखकांच्या भेटी घेऊन नाटककाराच्या मनात पात्रे कशी जन्मतात याचा शोध घेतला. नाटककारांना प्रत्यक्ष विचारून केलेला सर्जनाचा हा अभ्यास आपल्या साहित्यशास्त्राने फारसा पाहिलेला नाही, याचे मला नवल वाटते. त्याच काळात त्यांनी अचाट तोंडी हिशेब करणारा इनोदी हा गणनपटू तपासला आणि त्याच्या शेजारी बॉन मार्शे या दुकानातील मुरलेले रोखपाल बसवले. लहान गुणाकारांत रोखपाल मुळीच मागे नव्हते. जादूगारांना बोलावून त्यांच्या हातचलाखीची छायाचित्रे झपाट्याने एकामागून एक घेतली. छायाचित्रांत जादू उरली नाही. जेथे अद्भुत दिसते तेथे आधी सामान्याशी तुलना करावी आणि घटना तुकड्यातुकड्यांनी पाहावी, ही त्यांची पद्धत झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८९४ मध्ये व्हिक्तोर आंरी यांच्यासह बिने यांनी पॅरिसच्या प्राथमिक शाळांतील मुलांना एक रेषा दाखवली आणि मग अनेक रेषांतून तेवढ्याच लांबीची ओळखावयास सांगितली. मुलाने उत्तर देताच परीक्षक विचारी, खात्री आहे का, शेजारची तर नव्हे? एवढ्यावर बहुसंख्य लहान मुलांनी उत्तर बदलले. ज्यांचे पहिले उत्तर बरोबर होते त्यांपैकीही अनेकांनी बदलले. वय वाढे तसे हे प्रमाण घटे. १९०० मध्ये सूचनवशतेवरील त्यांचा ग्रंथ आला. मुलांना एका पुठ्ठ्यावर लावलेल्या काही वस्तू क्षणभर दाखवून मग प्रश्न विचारले, असा त्यातील एक प्रयोग आहे. पुठ्ठ्यावर एक नाणे होते, एक तिकीट होते, आणि डिंकाने चिकटवलेले एक बटण होते. काही मुलांना जे आठवते ते आपणहून लिहावयास सांगितले. काहींना साधे प्रश्न विचारले. आणि काहींना असे प्रश्न विचारले की ज्यांच्या पोटातच उत्तर होते. बटण कोणत्या रंगाच्या दोऱ्याने शिवले होते, हा त्यांतलाच एक. दोरा नव्हताच. तरीही मुलांनी रंग सांगितले.

आपणहून लिहिलेल्या उत्तरांत मजकूर थोडा पण चुका सर्वांत कमी, आणि प्रश्न जितका आग्रही तितक्या चुका अधिक, असा निष्कर्ष निघाला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चुकीचे उत्तर देणारी मुले अडखळत नव्हती. दोऱ्याचा रंग सांगणारे मूल नाण्याइतक्याच ठामपणे सांगत होते. मुलाचा आत्मविश्वास हा सत्याचा पुरावा मानणाऱ्या सर्व वडीलधाऱ्यांसाठी, न्यायाधीशांसाठी आणि संशोधकांसाठी हा धक्का होता. मुले एकत्र असताना विचारले तर जो पहिला बोलतो त्याच्यामागे इतर जातात, हेही बिने यांनी दाखवले. आणि मुले खोटे बोलतात असा अर्थ त्यांनी यातून काढला नाही, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. काही मुले मनातून वेगळे जाणत असूनही मोठ्या माणसाची मर्जी राखत होती. काहींच्या स्मरणातच नवा मजकूर शिरला होता. दोन्ही परींत दोष प्रश्नाकडे जात होता. साक्षीचे एक व्यवहारशास्त्र निर्माण झाले पाहिजे, असे त्यांनी पुढे सुचवले.

स्टीव्हन्सन यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुभाष्याच्या व आग्रही प्रश्नांच्या धोक्याची चर्चा त्यांच्या ग्रंथात आहे, आणि पडताळ्यापूर्वी लेखी नोंद झालेली प्रकरणे विरळ असतात हेही त्यांनी लपवले नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे तत्त्वज्ञ सी. टी. के. चारी यांनी, स्वतः परामानसशास्त्रास अनुकूल असूनही, या हकीकतींत संस्कृतीचा वाटा किती असा आक्षेप घेतलाच होता. परंतु मूल प्रथम बोलते आणि संशोधक प्रथम पोहोचतो यांच्यामध्ये अनेकदा महिने, कधी वर्षे जातात. तेवढ्या अवधीत आई, आजी, शेजारी आणि दुसऱ्या गावचे शोकग्रस्त कुटुंब या सर्वांनी त्या मुलास काय काय विचारलेले असते, याची वही कोणी ठेवलेली नसते. बिने यांचा आक्षेप त्या हरवलेल्या वहीविषयी झाला असता.

स्वतःवरचा संशय त्यांनी सोडला नाही. हुशार मुलांचे डोके मोठे असते या ब्रोका यांच्या परंपरेतील मतावर विश्वास ठेवून ते शाळाशाळांतून मुलांची मस्तके मोजीत हिंडले. फरक निघाला तो मिलिमीटराच्या आसपास. मग त्यांस शंका आली की हा तरी खरा का? कोणते मूल हुशार हे आधी ठाऊक असता हात नकळत त्या बाजूस झुकत नसेल ना? त्यांनी मापे पुन्हा घेतली, सहकाऱ्याच्या मापांशी ताडून पाहिली, आणि आपल्याच मापांत इतकी तफावत आढळली की मस्तकमापनाचा नाद त्यांनी सोडून दिला. १९०६ मध्ये हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांची परीक्षा त्यांनी घेतली. पाकिटांवरील अक्षरावरून लिहिणारा पुरुष की स्त्री हे तज्ज्ञांनी बऱ्याच वेळा बरोबर सांगितले, परंतु काहीही न शिकलेली माणसेही निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरली. हे शास्त्र थोतांड आहे असे त्यांनी म्हटले नाही; त्यात थोडे तथ्य आहे, पण तज्ज्ञ दाखवतात तेवढी खात्री मुळीच नाही, असा त्यांचा निर्वाळा. १९०८ मध्ये हस्तसामुद्रिकालाही त्यांनी असेच कसोटीस लावले. आपल्याकडे विवेकवादी आणि श्रद्धावादी या दोन्ही पक्षांस ही मोजून बोलण्याची रीत रुचत नाही, असा माझा अनुभव आहे.

१८९९ पासून तेओदोर सिमों हा तरुण वैद्य त्यांचा साथी होता. १९०४ मध्ये शिक्षणमंत्रालयाने, सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. एकाच मुलास एका वैद्याने एका श्रेणीचे आणि थोड्याच दिवसांनी दुसऱ्याने वेगळ्या श्रेणीचे मतिमंद ठरवलेले दाखले बिने यांनी पाहिले होते. अशा दाखल्यावर मुलाचे आयुष्य ठरत होते. १९०५ ची तीस प्रश्नांची श्रेणी यातून आली. पेटलेल्या काडीमागे नजर फिरवण्यापासून तिचा आरंभ होतो. फुलपाखरू आणि माशी यांतील भेद सांगणे, अंक मागोमाग म्हणणे असे करीत ती अमूर्त शब्दांच्या व्याख्येपर्यंत जाते. त्या श्रेणीत सूचनवशतेचाही एक प्रश्न आहे. मुलापुढे चित्र ठेवून परीक्षक विचारतो, यात पतापूम कोठे आहे? पतापूम नावाची वस्तूच नसते. १९०८ मध्ये प्रश्न वयानुसार लावले गेले, १९११ मध्ये पुन्हा सुधारले. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली व न बदलणारी राशी आहे या मताचा त्यांनी १९०९ च्या ग्रंथात तीव्र निषेध केला, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष स्थिर करण्याचे व्यायाम आखले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ त्यांतलाच. पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरील शाळेत मुख्याध्यापक वाने यांच्या साहाय्याने त्यांची शैक्षणिक प्रयोगशाळा चाले.

या सर्व काळात हा सावध माणूस रात्री भयनाट्ये लिहीत होता. आंद्रे द लोर्द यांच्यासह लिहिलेले, १९०९ मध्ये ग्रां गिन्योल रंगभूमीवर आलेले एक नाटक असे: मृत कन्येस विजेच्या प्रयोगाने जिवंत करू पाहणाऱ्या वैद्याचा गळा तिच्याच आकसणाऱ्या हाताने आवळला जातो. आपल्या सिद्धांतावर जीव जडलेल्या संशोधकाची ही गोष्ट लिहिणारा सालपेत्रिएरमधून आलेला होता, हे विसरून ती वाचता येत नाही.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बिने निवर्तले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती काढली. त्याआधीच गॉडर्ड यांनी श्रेणी अमेरिकेत नेली होती. १९१६ मध्ये टर्मन यांची स्टॅनफर्ड आवृत्ती आली, आणि वंशसुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी मदतीसाठी बनलेल्या साधनाने माणसांची प्रतवारी सुरू केली. हा मूळ हेतूचा विश्वासघात आहे असे सिमों यांचे वृद्धापकाळी मत होते.

भारतात ही श्रेणी प्रथम लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधील सी. एच. राइस यांनी हिंदुस्थानीत बेतली. मराठीत ती आणली व्ही. व्ही. कामत यांनी. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जाणाऱ्या धारवाडच्या मुलखात, दोन्ही भाषांतील मुलांवर प्रश्न पारखून घेऊन त्यांनी १९४० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे अनेक दशके देशभर वापरली गेली. तुलनेच्या अभ्यासकास यातील खरे काम भाषांतराचे दिसेल. पॅरिसच्या मुलास सोपा वाटणारा प्रश्न धारवाडच्या मुलास त्याच वयात सोपा वाटेलच असे नाही; नाणी निराळी, चित्रे निराळी, मोठ्या माणसाशी बोलण्याची रीतही निराळी. आपल्याकडे मोठ्यांस नाही म्हणणे हा उद्धटपणा समजतात. परीक्षकाने सुचवलेले नाकारणे जेथे असभ्य ठरते, तेथे पतापूम नाही असे म्हणणारे मूल शोधणे पॅरिसपेक्षा कठीण जाणार. प्रत्येक प्रश्न प्रत्यक्ष मुलांवर पडताळून त्याची जागा नव्याने ठरवणे एवढाच यावर उपाय होता, आणि कामत यांनी तो केला. नदीकाठच्या घराविषयीचे ते प्रश्न मात्र त्या दिवसानंतर कोणी तपासून पाहिले नाहीत. सहकाऱ्याचा नातू आता शाळेत जातो, आणि पांढऱ्या गायीची गोष्ट पाहुण्यांना स्वतःहून सांगतो.